अकरा मुलांचे मामा

बोर्ली पंचतनच्या बाजारात भाव करायला येणारा माणूस मी लांबून ओळखतो. तो चिंबोरीकडे बघत नाही, माझ्याकडे बघतो. आमच्या वाडीच्या शाळेतल्या बाई त्या दिवशी आल्या त्या तशाच, सरळ माझ्याकडे बघत. मी एका मोठ्या चिंबोरीच्या नांग्या सुतळीने बांधत होतो. मान वर न करता म्हटलं, "भरलेल्या आहेत. भाव एकच."

"चिंबोऱ्या नकोत, दादा. तुमची आई हवी आहे," बाई म्हणाल्या.

शेजारी सुकट घेऊन बसणारी म्हातारी फिसकन हसली. "न्या, न्या. पोरापरीस आय बरी हाय. निदान ती हसते तरी."

बाई देशावरच्या. दोन वर्षांपूर्वी बदली होऊन आल्या. शाळा चौथीपर्यंत, मुलं अकरा, सगळी आम्हा कातकऱ्यांची, आणि शिकवणाऱ्या त्या एकट्या. पहिलीतली एक मुलगी जूनपासून वर्गात एक शब्द बोललेली नाही, असं त्यांनी सांगितलं. घरी बोलते, रस्त्यावर भांडते, शाळेच्या पायरीवर पाय ठेवला की गप्प. "तिला माझी मराठी परकी वाटते. घरची बोली वर्गात आली तर तोंड उघडेल. मी शिकतेय, पण माझं बोलणं ऐकून मुलं हसतात. आणि वाडीत सगळे सांगतात, खरी जुनी बोली तुमच्या आईकडे आहे. गोष्टीसुद्धा आता तिच्याकडेच उरल्यात."

माझं डोकं तापलं. सुतळी जोरात ओढली गेली आणि नांगी तुटली. नांगी तुटलेली चिंबोरी हरिहरेश्वरचे हॉटेलवाले घेत नाहीत, म्हणून आणखी तापलं.

त्याच शाळेत मी पहिलीला बसलो होतो. गुरुजींनी नाव विचारलं, मी उभा राहून म्हटलं, "मना नाव..." म्हणजे माझं नाव. पुढचं नाव सांगायला मिळालंच नाही. गुरुजी हसले. त्यांनी ते दोन शब्द माझ्या सुरात पुन्हा म्हणून दाखवले. तेव्हा गावातली मुलंही त्याच शाळेत असत, तीही हसली. शाळा सुटेपर्यंत मला सगळे 'मना' म्हणत होते. मी बोली टाकली ती त्याच आठवड्यात. घरी आय बोलायची, मी उत्तर मराठीत द्यायचो. पुढे एक लोखंडी आकडा घेऊन खाजणात, खाडीच्या चिखलात उतरलो, बिळातून चिंबोऱ्या ओढून डोक्यावरून बाजारात आणल्या. तेव्हा व्यापारी मला तराजूला हात लावू देत नव्हते. आज तराजू माझा आहे, टेम्पो माझा आहे, आणि हॉटेलवाले मला फोन करतात. पण ते हसणं मी विसरलेलो नाही. विसरणारा माणूस मी नाही.

"बोली तुमच्याच शाळेनं मारली," मी म्हटलं. "आता तुम्हालाच पायजे?"

"तेव्हा मी नव्हते."

"शाळा तीच हाय ना?"

बाई चिडल्या नाहीत. समोरचा चिडला नाही की मला सौदा कसा वाढवावा कळत नाही. म्हणून मी अटी घातल्या. आईला बसायला खुर्ची. साहेब तपासणीला आले की ज्या कपात चहा देता त्याच कपात तिला चहा. आणि मुलांनी तिला आजी म्हणायचं नाही, तुम्हाला म्हणतात तसं 'बाई' म्हणायचं.

तिन्हीला त्या लगेच हो म्हणाल्या. एका दमात हो म्हणणारं गिऱ्हाईक मला आवडत नाही. वाटतं, आपण कमी मागितलं.

आय गेली. आठवड्यातून दोन दिवस, मंगळवार आणि शुक्रवार. पहिल्याच दिवशी खुर्चीवर पदर ठेवला आणि स्वतः खाली मुलांत बसली. मी दारातून ओरडलो, "आये, खुर्ची कशाला हाय?"

"पोरं खाली, मी वर? त्यांच्या डोस्क्यातल्या उवा बघू का त्यांच्याशी बोलू?" आणि मुलांकडे वळून जुन्या बोलीत भराभर काहीतरी म्हणाली. सगळी खदखदून हसली. मला ते अर्धंच कळलं. (आय माझ्याशी, मुलांशी बोलते ती आमची बोली. इथं मी ती वाचणाऱ्याला समजेल अशी लिहितोय.) मुलं तिला बाई म्हणाली नाहीत. आजे म्हणाली. माझ्या तीन अटींतली चहाची तेवढी टिकली.

तिनं काय शिकवलं? कुठल्या बिळात चिंबोरी असते आणि कुठल्या बिळात साप. मातीचा कुठला रंग पाय ओढून घेतो. खाडीतल्या माशांची नावं, जंगलातल्या कंदांची नावं, कुठला कंद किती वेळा उकळायचा. बाई फळ्यावर ती नावं लिहायच्या, मुलं वाचायची. आपल्या तोंडातला शब्द फळ्यावर खडूनं लिहिलेला बघून एक पोरगा उठला आणि त्याला हात लावून आला. तिनं शिव्याही शिकवल्या, पण त्या बाईंनी लिहिल्या नाहीत. पहिलीतली ती गप्प मुलगी तिसऱ्या का चौथ्या आठवड्यात आयच्या मांडीला टेकून बसायला लागली. बोलली नाही, पण टेकली.

मग मुलांनी गोष्ट मागितली. आणि सगळं तिथं अडलं.

आमच्यात दिवसा गोष्ट सांगत नाहीत. दिवसा गोष्ट ऐकली तर ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो. हे इतरही पुष्कळ लोकांत म्हणतात, पण ते हसत म्हणतात. आमच्या वाडीत आजही दिवसा कुणी गोष्ट काढली तर म्हाताऱ्या उठून जातात. आणि शाळा तर दिवसाच भरते.

बाईंनी मला गाठलं. "दादा, मागच्या पावसाळ्यात वरच्या आळीतल्या आजी गेल्या. त्यांच्याकडच्या गोष्टी त्यांच्याबरोबर गेल्या. आता तुमची आईच आहे. आणि दिवाळी झाली की ही मुलं आईबापांबरोबर कोळशाच्या भट्टीवर कामाला जातील, तोवरच मला वेळ आहे."

"सौदा माझ्यावर सोडा," मी म्हटलं. माझ्या आईशी सौदा करायचा म्हणजे मला काहीच वाटलं नाही. घाटावरच्या व्यापाऱ्यांना मी पाणी पाजलंय.

आय अंगणात भाजी निवडत होती. मी म्हटलं, "संध्याकाळी सांग. घरी. मुलं हितं येतील."

"येतील. भात तोंडात असताना झोपतील. आणि तुझ्या बाईंची यष्टी कोण थांबवणार, तू?"

"बरं. मोबाइलमध्ये भरून घेऊ. रात्री सांग, बाई दिवसा ऐकवतील."

"म्हणजे गोष्ट डब्यात भरायची आणि दिवसा झाकण उघडायचं. मामा चुकायचा तो चुकणारच. आणि डबा हूं कुठं म्हणतो? हूं म्हणणारं कुणी नसलं तर गोष्ट पुढं कशी जाईल?"

"मग शाळेची दारं-खिडक्या लावू. अंधार करू. रात्र झाली समज."

आय हसली. "सूर्याला फसवशील रं. वाटेवरच्या माणसाला कसा फसवशील?"

त्या हसण्यानं माझा तोल गेला. खरं तर राग त्या दिवसाचा नव्हता. वाडीतल्या सगळ्या पोरांना त्यांच्या आया-आज्यांनी गोष्टी सांगितल्या. मला कुणी नाही. माझी आय सगळ्यांत चांगलं सांगते हे मी दुसऱ्यांकडून ऐकत मोठा झालो. म्हाताऱ्या म्हणायच्या, तुझी आय नवी नवरी होती तेव्हा सगळी वाडी तिच्याभोवती जमायची. लहानपणी मला वाटायचं, मी बोली टाकली म्हणून तिनं मला गोष्टी दिल्या नाहीत. मोठेपणी वाटायला लागलं, तिलाच माझी लाज वाटते. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या झालो तरी हे आत होतंच.

"मला तर रात्रीसुद्धा नाही सांगितलीस!" मी ओरडलो. "एक गोष्ट नाही. एक! लोकांच्या पोरांसाठी मी तुझ्या पाया पडतोय, आणि मी काय उपरा होतो?"

तिनं भाजीची जुडी खाली ठेवली.

"सांगितली होती. एक," ती म्हणाली. "दुपारची."

मी दोन वर्षांचा होतो. अंगात ताप, रडणं थांबेना. घरात ती एकटी. दुपारचं तिनं मला मांडीवर घेऊन गोष्ट सुरू केली आणि मी गप्प झालो. तेवढ्यात तिचा भाऊ दारात आला. मुकादमाबरोबर घाटावर कोळशाच्या भट्टीला निघाला होता, निरोप घ्यायला आला होता. त्याला बघून ती थांबली तर मी पुन्हा रडायला लागलो. म्हणून थांबली नाही. तो दाराला टेकून थोडं ऐकत उभा राहिला. लहानपणी तिच्या गोष्टीला हूं म्हणणारा तोच असायचा, त्यानं दोनदा हूं म्हटलं. मग हसला आणि म्हणाला, "दिवसाढवळ्या सांगतेस व्हय गं? मी वाट चुकलो तर तुझ्या पोराला मामा कुठला आणशील?" आणि गेला. टेम्पो-गाडी नव्हतीच, पायवाटेनं उतरला. तिला उठून दारापर्यंत जाता आलं नाही, नुसता पाठमोरा बघितला, कारण मी मांडीवर होतो.

पावसाच्या तोंडाला बाकीचे परत आले. तो आला नाही. एक म्हणाला, दुसऱ्या मुकादमाबरोबर पुढच्या भट्टीला गेला. दुसरा म्हणाला, त्याहून पुढं, कानडी मुलखात. मेला असं कुणी सांगितलं नाही. आला असंही नाही.

"मग रात्रीची सांगायला बसले तरी जीभ वळंना," आय म्हणाली. "तू पुढ्यात बसलास की दार दिसायचं."

मी उठलो, टेम्पो धुतला. तो सकाळीच धुतलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना फोन करून सांगितलं, जमत नाही. त्या म्हणाल्या, "असू द्या, दादा. त्यांना त्रास होत असेल तर नको." त्यांनी आग्रह धरला असता तर मी भांडलो असतो आणि विषय संपला असता. त्यांनी धरला नाही, म्हणून विषय डोक्यात राहिला. आणि शुक्रवारी आय शाळेतून आली तेव्हा स्वतःच म्हणाली, "ती पहिलीतली पोर आज माझ्या कानाशी आली. म्हणते, गोष्ट. एवढंच." मग बराच वेळ चुलीशी काहीतरी हलवत बसली.

मला तेव्हा सुचलं. व्यापारात मी नेहमी हेच करतो. समोरचा कशाला भितो ते बघायचं आणि ती भीतीच काढून टाकायची.

"आये, मामा वाट चुकतो तो वाटेवर असला तर. बरोबर?"

"व्हय."

"मामा वाटेवर नसलाच तर? समोरच बसला असला तर? पोरगं हितं, मामा हितं. चुकेल कुठं?"

आय माझ्याकडे बघत राहिली. "सगळे?"

"सगळे."

"एक कमी चालायचा न्हाय."

"एक कमी नाही."

"बसवून दाखव," ती म्हणाली.

मी जिंकलो होतो. निदान मला तसं वाटलं.

अकरा मुलांचे मामा म्हणजे अकरा माणसं नव्हेत. भावंडांना मामा तेच, आणि कुणाला दोन, कुणाला तीन. बाईंनी हजेरीच्या वहीमागे यादी केली, नऊ निघाले. आमच्यात सुना दुसऱ्या वाड्यांतून येतात, त्यामुळे मामाही चार वाड्यांत विखुरलेले. त्यात कापणीचे दिवस. सगळे कुणाच्या ना कुणाच्या शेतावर. एकाला सांगितलं, तर तो म्हणाला, "गोष्ट ऐकायला? शाळेत? भाऊ, तुमची चिंबोरी उलटली का काय?" दुसरा म्हणाला, "शाळेत मी गेलो न्हाय तेव्हा मास्तर मारायला आला, आता टेम्पो आला." एक मामा हरिहरेश्वरला हॉटेलात भांडी घासायला. मालक सोडेना, म्हणाला, शनिवारी पर्यटक असतात. मी म्हटलं, "शनिवारी चिंबोऱ्या नसतील मग." सोडला. एक मामा सगळ्यांत सोपा निघाला: तो बहिणीकडे राहून आमच्याच शाळेत तिसरीत होता आणि त्याची भाची दुसरीत. तो रोज तिची पेन्सिल पळवायचा. आणि पहिलीतल्या त्या गप्प मुलीचा मामा आगरदांड्याच्या जेट्टीवर हमाली करायचा. त्याला आणायला मी दिघीहून फेरीबोटीनं पलीकडे गेलो. तो म्हणाला, "माझी भाची बोलत न्हाय म्हणून बोलावलंय का? मी काय केलंय तिला?" त्याला समजावता समजावता परतीची बोट सुटली. पुढच्या बोटीपर्यंत आम्ही दोघं धक्क्यावर बसलो, आणि कधी नाही ते मी त्याच्याशी बोलीत बोललो. मोडकं. तो हसला नाही.

शनिवारी सकाळी टेम्पोत मामा भरले. चिंबोऱ्यांचा वास होता, पण कुणी तक्रार केली नाही. एकमेकांना चिडवत होते, तुझ्या भाचीला तुझं तोंड आलंय, बिचारी. शाळेत पोचलो तर मुलं दारातच उभी. ज्याचा मामा उतरला ते पोर उडी मारायचं. एवढाले बाप्ये पहिलीच्या बसकरांवर गुडघे वर करून बसले. बाईंनी भिंतीशी जागा केली. खुर्ची कोपऱ्यात तशीच, रिकामी.

आय आली. तिनं नवीन लुगडं नेसलं होतं. ती दाराशी उभी राहिली आणि एकेका मुलाला विचारत गेली, तुझा मामा कुठला? पोर बोट दाखवायचं, मामा हात वर करायचा. कुणी हसलं नाही. त्या पहिलीतल्या मुलीनं बोट दाखवलं नाही, उठून मामाच्या मांडीवर जाऊन बसली. आय म्हणाली, चालेल. आलेल्या मामांचे मामा कुणाचे वारलेले, कुणाचे म्हातारे होऊन घरात बसलेले, तेही तिनं विचारून घेतलं. मग तिनं बाईंना विचारलं.

"माझे मामा?" बाई गोंधळल्या. मग त्यांनी फोन लावला, स्पीकर केला. पलीकडून आवाज आला, "काय गं, वर्ग चालू असताना?" बाई म्हणाल्या, "मामा, घरीच आहेस ना?" "घरीच आहे. का?" "आता मी सांगेपर्यंत कुठं जाऊ नकोस." "बरं. पण का?" आयनं मान डोलावली. घरात बसलेला माणूस वाटेवर नसतो.

मग ती माझ्याकडे वळली. मी दाराच्या आत, भिंतीला टेकून उभा होतो. हाताची घडी घातलेली. अख्खा आठवडा मी धावलो होतो आणि आता मी ऐकणार होतो. पहिल्यांदा.

"तू भाईर जा," आय म्हणाली.

मला वाटलं, टेम्पो वाटेत उभा असेल.

"तू भाईर जा. तुझा मामा हितं न्हाय."

माझा पारा चढला. मामा मी आणले, टेम्पो माझा, शनिवारचं गिऱ्हाईक मी बुडवलं, आणि मीच बाहेर? तोंड उघडलं. सगळे मामा माझ्याकडे बघत होते. मी म्हणणार होतो की आये, चाळीसच्या वर वर्षं झाली. तो माणूस आता... वाक्य ओठापर्यंत आलं होतं.

"तो यायचा हाय अजून," आय म्हणाली. हळू, जणू माझ्या एकट्याशी.

मी वाक्य गिळलं. आयुष्यात मी एवढा मोठा घास कधी गिळला नव्हता. मला तेव्हा कळलं, मी आत राहिलो तर काय होईल. मी आत राहिलो तर त्याचा अर्थ एवढाच, की त्याची वाट बघणं संपलं. ते तिच्याकडून कुणी घेतलं नव्हतं, आणि भाव करून मी ते घेणार होतो.

मी बाहेर आलो. पहिल्यांदा खिडकीखाली उभा राहिलो. खोटं कशाला सांगू. आतून आईचा आवाज आला. तो आवाज मी ओळखला नाही, इतका तरुण होता. चार शब्द ऐकले, मुलांचं आणि मामांचं एकदम मोठं हूं ऐकलं. मग मीच चालायला लागलो. टेम्पोपर्यंत गेलो, तिथंही ऐकू यायला लागलं, म्हणून आणखी खाली उतारावर गेलो, जिथून शाळेची नुसती कौलं दिसतात. तिथं दगडावर बसलो. वाऱ्यावर मधूनच हसणं यायचं. एकदा सगळं शांत झालं, आणि मग एका बारीक आवाजानं काहीतरी विचारलं. शब्द कळले नाहीत. कुठल्या मुलीचा आवाज होता तेही सांगता येणार नाही. बाईंना नंतर विचारलं तर त्या डोळे पुसत होत्या, म्हणून पुन्हा विचारलं नाही.

दुपार कलली तेव्हा आय एकटी उतारावरून खाली आली.

"कुठवर ऐकलंस?"

"चार शब्द."

"खरं सांग."

"चारच. मग हितं आलो."

तिनं माझ्याकडे बघितलं, वजन बरोबर आहे का बघावं तसं. मग माझ्या खांद्याला धरून वाकली आणि दगडावर माझ्याशेजारी बसली. तिला दम लागला होता. थोड्या वेळानं तिनं मला बोलीत विचारलं, जेवलास का? आणि मी बोलीतच सांगितलं, नाही.

वर शाळेपाशी मामांची बडबड ऐकू यायला लागली. मी उठलो, त्यांना हाका मारल्या. चार वाड्या होत्या आणि पलीकडे आगरदांडा. उजेड आहे तोवर एकेकाला त्याच्या दारात नेऊन सोडायचं होतं.